दृष्टीचं मीठ

आमचे लातूरचे घरमालक कुणाच्याही घरी गेले की आधी तुरीचा एक दाणा मागायचे. अख्खी तूर असली तर उत्तम, नसली तर डाळ चालायची. तो दाणा दाढेखाली धरून ते मान किंचित वाकडी करत, 'कट्' असा आवाज आला की निकाल देत. "वलसर हाय. उन्हात घाला, न्हाईतर श्रावणात किडं पडतील." आयुष्यभर त्यांनी एका डाळमिलमध्ये हेच काम केलं होतं. गाडी आली की पोत्यातून मूठभर माल काढायचा, दाणा चावायचा आणि ओलावा किती ते सांगायचं. ओलावा मोजायचं यंत्र आल्यावरही मिलचा मालक आधी यांच्या दाताला विचारायचा, असं ते स्वतःच सांगत. दुसऱ्याच्या घरची डाळ नासकी ठरवल्यावर कुणी पुन्हा चहाला बोलवत नाही, त्यामुळं मी त्यांना ओळखू लागले तोवर त्यांचं जाणंयेणं जवळजवळ संपलेलं होतं.

मी नांदेडची. लातूरला एका क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवायला गेले आणि यांच्या गच्चीवरच्या खोलीत चार वर्षं राहिले. खोली बघायला गेले तेव्हा भाडं, पाणी, लाईट यातलं काही न बोलता त्यांनी पहिला प्रश्न टाकला, "मीठ किती खाता?"

मी म्हटलं, चवीपुरतं.

"सगळे चवीपुरतंच म्हणत्यात," ते म्हणाले. "खाताव ते खावा. पण तुमच्या खोलीत. जिन्याच्या खाली मिठाचा खडा आणायचा न्हाई."

माणूस जरा सटकलेला दिसतोय, असं मला वाटलं. मग आतून त्यांची बायको, म्हणजे काकू, आल्या, भिंतीला हात लावत लावत, आणि खुर्चीत बसून त्यांनी पाय समोरच्या स्टुलावर ठेवले. पाय सुजलेले होते आणि डाव्या हातावर, मनगटाच्या वर, पट्टी होती. आठवड्यातून तीनदा त्यांचं डायलिसिस चालायचं. सोमवार, बुधवार, शुक्रवार काका त्यांना रिक्षानं दवाखान्यात नेत आणि चार तास बाहेरच्या बाकावर बसून राहत. डॉक्टरांनी मीठ तोडायला सांगितलं होतं, पाणी मोजून द्यायला सांगितलं होतं आणि आणखी पुष्कळ काही. काकांनी त्यातलं मीठ मनावर घेतलं. मीठ म्हणजे त्यांच्या घरात शिरू बघणारा चोरच होता.

घरात मिठाची बरणी नव्हती. लक्ष्मीपूजनाला आमच्याकडं मीठ विकत आणतात, काका नुसती केरसुणी आणायचे. पापड, लोणचं, फरसाण, पाव, खारी, पापडखार, सोडा, सगळ्यांना बंदी. आणि हे सगळं स्वतःलाही लागू. बायको अळणी खाते आणि आपण तिच्यासमोर खारं खायचं, हे त्यांना जमणारं नव्हतं. लग्नाला गेले तर आहेर देऊन कोपऱ्यात बसत आणि पिशवीतून आपला डबा काढत. यजमानानं आग्रह केला तर म्हणत, "तुमचं अन्न चांगलंच असणार. माझी जीभ आता त्या नात्यात न्हाई."

स्वयंपाक तेच करायचे. ज्या माणसानं साठीपर्यंत चहासुद्धा केला नव्हता तो पालेभाजी बारीक चिरायचा, तिच्यातलाही खार निघून जावा म्हणून कोमट पाण्यात बुडवून ठेवायचा, ते पाणी ओतून द्यायचा, पुन्हा उकळायचा, पुन्हा ओतायचा. आमच्या गल्लीत नळ आठ दिवसांनी यायचा. भाजीपायी दोन-दोन पाणी ओतणारा माणूस शेजाऱ्यांना शत्रूसारखाच वाटे. काका ते पाणी कढीपत्त्याच्या झाडाला घालत. अख्ख्या गल्लीत तेवढं एकच झाड हिरवंगार होतं. शेजारणी फोडणीपुरता पाला मागायला आल्या की ते बजावून देत, "याला चुलीवरचं पाणी हाय. फुकटचं समजू नका."

फोडणीवर त्यांचा फार जीव. मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण जरा जास्तच लाल केलेला, वर कढीपत्ता. वरणाला शेवटी लिंबाचे थेंब, तेही मोजून. भाजलेल्या मिऱ्याची पूड. येसराचा मसाला ते स्वतः डाळी-धान्य भाजून, दळून करत, अर्थात बिनमिठाचा. कधी भाजीच्या पातेल्यात वाटी ठेवून तिच्यात सिगडीचा पेटता निखारा टाकत, त्यावर तेलाचा थेंब सोडत आणि झाकण घालून धूर कोंडत. "मीठ म्हंजे शिफारसपत्र हाय," ते म्हणायचे. "ज्याच्या अंगी काही न्हाई त्यानं आणावं. जवारीच्या भाकरीत कधी मीठ असतंय का? तरी मराठवाडा जगला का न्हाई?"

काही नवीन केलं की एक वाटी जिन्यावरून वर यायची. मागोमाग ते स्वतः. मी घास घेईपर्यंत माझ्या तोंडाकडं बघत उभे राहत. मग प्रश्न ठरलेला, "मीठ लागतंय का?"

"नाही लागत."

"खरं सांगा."

"खरंच नाही लागत, काका."

लागायचं. सगळ्यालाच लागायचं. लसणाचा वास सुरेख यायचा, लिंबू जिभेला टोचायचं, धूर मस्त वाटायचा, आणि मग घास मध्येच कुठंतरी पडून जायचा. पण त्या चेहऱ्याला हे सांगायची छाती माझ्यात नव्हती. काकूंनाही ते जेवताना हेच विचारत. त्या म्हणत, "चाललंय." त्यांचं उत्तर कधी बदललं नाही, आणि तेवढ्यावर काका दुसऱ्या दिवशी नवीन काहीतरी करायला घेत.

एकदा त्यांची बहीण चाकूरहून आली. पिशवीत वहिनीसाठी उडदाचे पापड आणि कैरीचं लोणचं. काकांनी दारातच पिशवी तपासली, पापड-लोणचं एसटी स्टँडवर नेऊन चाकूरच्या गाडीच्या कंडक्टरकडं दिलं आणि मग बहिणीला आत घेतलं. ती रडली, भांडली. जाताना अंगणात उभी राहून म्हणाली, "दादा, मिठाबिगर घर राहतंय का? दृष्ट काढायला तरी मीठ लागतंय. तिला दृष्ट लागलीय, आंधळ्याला दिसंल. नुसत्या मोहरीनं काय उतरती?"

एवढं एकच वाक्य काकांच्या आत शिरलं. बाकी कुणाचं काही न ऐकणारा माणूस, पण बायकोला कुणाची तरी दृष्ट लागली असणार, ही शंका त्यांना आधीपासून असावी. चांगली धडधाकट बाई, कुणाला वाईट बोलली नाही, तिच्याच नशिबी हे का, याला दुसरं उत्तर त्यांच्याकडं नव्हतं. त्याच अमावास्येला ते वर आले, रिकामी वाटी घेऊन.

"मॅडम, मूठभर खडेमीठ द्या. दृष्ट काढायची हाय. काढली की लगोलग निखाऱ्यात टाकतो. घरात ठेवणार न्हाई."

मीठ हातावर देत नाहीत. मी वाटीत घालून वाटी कठड्यावर ठेवली, त्यांनी तिथून उचलली. मीठ खाली न्यायची ती पहिली वेळ. वाटी त्यांनी निखाऱ्यासारखी लांब धरून नेली.

माझा जिना मागच्या अंगणात उतरायचा आणि सिगडी तिथंच होती. मी वरच्या पायरीवरून बघत राहिले. काकू पाटावर बसल्या. समोर मीठ-मोहरीची वाटी. काकांनी मुठीत घेऊन त्यांच्यावरून उतरलं, पुटपुटले, आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची, आणि सगळं निखाऱ्यात टाकलं. काय ते तडतडणं. खडे उडून अंगणभर पडले. "बघा," काका मान वर करून मला म्हणाले, "किती होती ती." मग त्यांनी अंगण झाडून घेतलं, एकेक खडा वेचून विस्तवात टाकला आणि वाटी धुऊन पालथी घातली.

दर अमावास्येला हे ठरून गेलं. मला त्यात वावगं काही दिसलं नाही. मधल्या काळात मीच एक मूर्खपणा केला होता. दिवाळीला नांदेडहून येताना कमी सोडियमच्या मिठाचा पुडा घेऊन आले, काकूंना तेवढाच आधार. काकांनी भिंग लावून पुड्यावरचं बारीक अक्षर वाचलं आणि माझ्याकडं असं बघितलं की मी अजून विसरले नाही. "यात पोटॅशियम हाय. क्लासात काय शिकवताव तुमी? तिचं काळीज बंद पडंल याच्यानं." ते खरं होतं. ज्या विषयावर मी रोज चार-चार तास बोलायचे, त्यातलं कामाचं तेवढं त्यांनी दवाखान्याच्या बाकावर बसून शिकून घेतलं होतं.

तिसऱ्या वर्षी एका अमावास्येला मी जिन्यावर बसून पेपर तपासत होते. खाली काका सिगडीकडं तोंड करून, म्हणजे काकूंकडं पाठ करून, निखारे फुलवत होते. काकूंनी पाटावर बसल्या बसल्या वाटीतून चिमूट घेतली. चांगली तीन बोटांची चिमूट. त्यातला एक खडा जिभेवर ठेवला आणि उरलेले पदराच्या टोकात बांधले. गाठ मारताना त्यांचं लक्ष वर गेलं. मी बघतेय हे त्यांना दिसलं. त्यांनी दोन्ही हात जोडले. तोंडातला खडा विरघळत होता, डोळे मिटत होते, आणि हात तसेच जोडलेले होते.

मी पेपरकडं बघितलं.

त्या दिवशी निखाऱ्यावर तडतड कमी झाली. काका थांबून ऐकत राहिले. "आज कमी हाय," ते म्हणाले. "उतरायलीय." त्यांच्या आवाजात बऱ्याच दिवसांनी उमेद होती. पुढच्या खेपेला काकूंनी जरा जास्त घेतलं, तडतड आणखी कमी झाली. गुण येतोय म्हटल्यावर काकांनी अमावास्येची वाट बघणं सोडलं आणि दर शनिवारी दृष्ट काढायला घेतली. दर शनिवारी ते वाटी घेऊन वर येत आणि मी मीठ घालून देई. तीस दिवसांतून एकदा येणारं मीठ आता आठवड्याला येऊ लागलं.

एकदा काका दुधाला गेले असताना मी काकूंना म्हटलं, "हे बरं नाही. मला सांगावं लागेल."

"सांगा की," त्या म्हणाल्या. रागावल्या नाहीत. "मग दृष्ट काढायचं बी बंद करतील. एवढंच तर गोड लागतंय आता मला. त्यांचं खाती मी, सगळं खाती. किती राबत्यात. पण काय खाल्लं ते कळंना झालंय, बाई. माती खाल्ल्यागत लागतंय."

मी सांगितलं नाही. दया आली म्हणून नाही सांगितलं असं पुष्कळ दिवस मी स्वतःला पटवत होते. दया होतीच. पण त्या दोघांच्यामध्ये पडायची भीतीही होती, आणि खोली चांगली होती. दोन-चार खड्यांनी काय होतं, असं म्हणून मी मोकळी झाले, आणि दोन-चार खड्यांनी काय होतं हे मला इतर कुणाहीपेक्षा चांगलं माहीत होतं.

दवाखान्यात दर वेळी वजन वाढलेलं निघू लागलं. अंगात पाणी साठतंय, मीठ कुठून तरी जातंय, असं डॉक्टर काकांना बोलले. त्या दिवशी काका घरी येऊन स्वयंपाकघरातले सगळे डबे जमिनीवर मांडून बसले. हिंगाची डबी उघडून चाटून बघितली. हळदीला, धन्याला जीभ लावली. दूधवाल्याला विचारलं, गायीला मीठ घालतोस का. गोळ्यांची पाकिटं घेऊन माझ्याकडं आले, यात मीठ असतं का बघा म्हणून. मी पाकिटं उलटसुलट करून बघितली आणि म्हटलं, नसतं. ज्याच्या दाताला पोत्यातला ओलावा कळायचा त्याला आपल्या घरात मीठ कुठून येतंय ते कळेना. मग त्यांनी दोष आपल्याच हाताला दिला. भाजीला दोनाऐवजी तीन पाणी सुरू झाली. लिंबाचे थेंब गेले, वरण गेलं, येसरही गेलं. शनिवारची दृष्ट तेवढी चुकली नाही, कारण गुण तेवढा एकीकडूनच येत होता.

काकू गेल्या त्या एका सोमवारी सकाळी. शनिवार-रविवार डायलिसिसविना गेलेले, दवाखान्याची वेळ अकराची, आणि आठ वाजताच त्यांना श्वास घेता येईना. काकांनी खालून हाक मारली. आम्ही दोघांनी त्यांना रिक्षात बसवलं. त्या माझ्या अंगावर रेलल्या होत्या. पदर सावरायला गेले तर माझ्या मुठीत गाठ आली, कडक, खड्यांची. मी ती सोडवली नाही आणि फेकलीही नाही. तशीच मुठीत धरून बसले. दवाखाना यायच्या आधीच त्यांची मान पडली. पुढं रिक्षावाल्याशेजारी बसलेले काका त्याला सांगतच होते, जरा दाबून घ्या, मालक, जरा दाबून घ्या.

मग बरेच दिवस खालून फोडणीचा आवाज आला नाही. सुतकात फोडणी देत नाहीत. चाकूरची बहीण येऊन राहिली होती, ती काहीबाही उकडून घालायची. पाणी कुणी ओतत नव्हतं, कढीपत्ता वाळायला लागला होता.

बहीण गेल्यावर एका दुपारी काका वर आले. हातात तीच वाटी. ती त्यांनी कठड्यावर ठेवली आणि दोन पावलं मागं सरकले. वाटीत ओल धरून काळपट झालेले आठ-दहा खडे होते.

"तुमचं हाय," ते म्हणाले. "दवाखान्यानं साडी पिशवीत घालून दिली होती. आज काढली. पदराला होतं."

मी खडे ओळखले.

"तडतड कमी येत होती. मला वाटलं उतरायलीय." ते वाटीकडं बघत होते. "तुमाला ठाव होतं?"

खोटं बोलायला एक क्षण पुरला असता. इतकी वर्षं मी त्यांच्याशी वाटीवाटीनं खोटं बोलले होते. पण तेवढं जमलं नाही. "हो," मी म्हटलं.

"मग सांगितलं कामून न्हाई?"

"त्यांनी हात जोडले होते, काका."

"मला बी जोडायची," ते म्हणाले. "रोज जोडायची. मी दिलं का?"

मला वाटलं आता शिव्या देतील, खोली खाली करायला सांगतील. ते पायरीवर बसले. वाटीकडं बघतच त्यांनी विचारलं, "खाताना तोंड कसं करायची?"

"डोळे मिटून घ्यायच्या."

त्यांनी मान हलवली. "माझ्या हातच्यावर कवाच मिटले न्हाईत तिनं," असं म्हणाले, गुडघ्यावर हात देऊन उठले आणि खाली गेले. वाटी कठड्यावर तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी खाली फोडणी चरचरली. भाजी पुन्हा दोन पाण्यांत उकळू लागली, झाड हळूहळू सावरलं. एकटाच माणूस, दोन्ही मूत्रपिंडं ठणठणीत, आणि अळणी रांधून अळणी खात होता. माझ्याशी बोलणं तुटलं नाही, नळ आला, लाईट गेली, एवढं चालायचं. पण वाटी वर येणं बंद झालं, आणि तो प्रश्नही. तो प्रश्न यावा असं मला फार वाटायचं.

वर्षभरानं मला नांदेडला काम मिळालं. निघायच्या आदल्या दिवशी काकांनी जेवायला बोलावलं. दोन पाट मांडले होते, समोरासमोर. माझ्या ताटात भाकरी, वरण, दोडक्याची भाजी, लसणाची फोडणी वर तरंगणारी. आणि ताटाच्या वरच्या अंगाला, जिथं चार वर्षं त्यांच्या घरच्या ताटात काहीच नसायचं, तिथं चिमूटभर मीठ. त्यांच्या स्वतःच्या ताटात ती जागा मोकळी होती.

"दुकानातून आणलं," ते म्हणाले. "पाहुण्याला वाढावं लागतंय."

मी मिठाला हात न लावता वरणात भाकरी बुडवून घास घेतला. ते माझ्या तोंडाकडं बघत होते, पूर्वी जिन्यात उभे राहून बघायचे तसेच.

"मीठ लागतंय का?"

"लागतंय, काका," मी म्हटलं. "पहिल्यापासून लागत होतं."

बोटानं त्यांनी माझ्या ताटातलं मीठ दाखवलं. मी चिमूट घेऊन वरणात घातली, कालवली आणि दुसरा घास घेतला. लसूण, जिरं, कढीपत्ता, मिरं, त्यांनी इतकी वर्षं त्या वरणात काय काय घातलं होतं ते सगळं त्या घासात एकदम जागं झालं. इतकं चांगलं वरण मी कधी खाल्लं नव्हतं. मी काय करतेय ते मला कळलं नाही. डोळे उघडले तेव्हा काका हातातला घास हातातच धरून माझ्याकडं बघत होते.

"अशीच करायची?" त्यांनी विचारलं.

"अशाच," मी म्हटलं.

त्यांनी ताट जवळ ओढलं आणि खाली मान घालून आपलं अळणी वरण खायला सुरुवात केली.